सावळीचा वाटा

फार फार वर्षांपूर्वी, नकाशे काढायची रीत पडली नव्हती आणि राज्याची हद्द लोक डोंगराच्या धारेवरून ओळखायचे, त्या काळात घडलेली ही गोष्ट. सांगतो आहे लहानांसाठी, पण मोठ्यांनीही उठून जाऊ नये.

सावळी नावाची एक नदी होती. तिच्या काठी दोन राज्यं होती. नदी जिथे उगम पावायची ते घाटमाथ्याचं राज्य. नदी जिथे समुद्राला मिळायची ते सपाटीचं राज्य.

घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळायचा की पलीकडची टेकडी दिसू नये. पण पाणी तिथे थांबत नसे. उतारावरून धावत खाली जायचं आणि जाताना शेतातली मातीही घेऊन जायचं. लोक दगड रचून लहान लहान पायऱ्या करत आणि त्यांवर नाचणी, वरी पिकवत. पीक आलं तर वर्ष निघे. मीठ आणि तांदूळ मात्र सपाटीवरूनच आणावे लागत.

सपाटीवर जमीन काळी आणि भुसभुशीत होती. भात चांगला होई. किनाऱ्याला मिठागरं होती. पण श्रावणात सावळी फुगून घरात शिरायची आणि वैशाखात तिच्या पात्रात गुरांना तोंड बुडवायलाही पाणी नसायचं.

देणंघेणं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. घाटमाथ्याचे लोक मध, हिरडा, बांबू घेऊन उतरायचे आणि मीठ, तांदूळ घेऊन चढायचे. सोयरिकीही होत. कातळवाडीची येसाई ही अशीच सपाटीची लेक. तिचं माहेर भरणगाव, नदीच्या काठावरचं. लग्न होऊन ती घाट चढून आली, नाचणीच्या भाकरी थापायला शिकली आणि तिथलीच झाली. भरणगावात तिचा भाऊ कोंडिबा होता, वहिनी होती. वर्षातून एकदा ती माहेरी जाई आणि परतताना वहिनी तिच्या पदरात तांदळाचं गाठोडं बांधून देई.

मग एक वर्ष पाऊस कमी झाला.

सपाटीच्या राजाने मिठावरची जकात वाढवली. घाटमाथ्याच्या राणीने सावळीचं पाणी अडवायला सांगितलं. आधी जकात वाढली की आधी पाणी अडलं, यावर पुढे खूप वाद झाले. खरं काय ते कुणालाच नीट आठवत नव्हतं. एवढं खरं, की कातळवाडीच्या वरच्या अंगाला, दोन कडे जवळ येतात तिथे, घाटमाथ्याच्या लोकांनी घाईघाईने मातीचा बांध घातला. पाण्याचा त्यांना फार उपयोग होता असं नाही. पण रागाला उपयोग लागत नाही.

सपाटीच्या राजानेही मग हद्दीवरची चौकी बंद केली. मीठ वर जाणार नाही, तांदूळ वर जाणार नाही, वरचा माणूस खाली येणार नाही.

त्या वर्षी घाटमाथ्यावरची पोरं अळणी आंबील प्यायली. सपाटीवरच्या वालाच्या वेली वैशाखात जळून गेल्या. दोन्हीकडच्या बायका एकच वाक्य बोलत होत्या, "त्यांना काय, त्यांचं बरं चाललं असेल."

पुढच्या वर्षी पाऊस आला आणि गेल्या वर्षीची सगळी कसर त्याने भरून काढली.

बांधामागे पाणी चढत गेलं. एका दुपारी येसाई गवताचा भारा आणायला बांधाच्या पायथ्याशी गेली होती. तिला मातीतून पाणी झिरपताना दिसलं. ते स्वच्छ असतं तर ती घाबरली नसती. पण पाणी गढूळ होतं. म्हणजे आतली माती वाहून चालली होती. ती बघत असतानाच बांधाचा एक मोठा लचका सुटून खाली पडला.

येसाईने गवताचा भारा तिथेच टाकला. वाडीतल्या लोकांना ओरडून वर डोंगरावर जायला सांगितलं आणि स्वतः मात्र खाली, घाटवाटेने, भरणगावच्या दिशेने धावत सुटली.

चौकीवर सपाटीचा पहारेकरी उभा होता. त्याचं नाव हैबती. तोही भरणगावचाच. त्याची म्हातारी आई नदीकाठच्या घरात एकटी राहत होती.

"मागे फिर, बाई," हैबती म्हणाला. "हुकूम नाही."

"बांध फुटतोय, दादा! खाली गावं आहेत. मला जाऊ दे."

हैबतीने मान हलवली. कालपरवाच एका पहारेकऱ्याने मिठाची पुरचुंडी वर जाऊ दिली होती, तर त्याला सगळ्यांसमोर फटके बसले होते. "रोज कुणीतरी येतं आणि काहीतरी कारण सांगतं. मी कुणाकुणाचं ऐकू?"

येसाईला धाप लागली होती. ती खाली बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"मला नको सोडूस. माझे हात बांध, इथेच ठेव मला. पण तू जा. तू पळत जा आणि सांग. खोटं निघालं तर परत येऊन मला काय करायचं ते कर."

"चौकी सोडून जाऊ?"

"दादा, तुझं कुणी नाही का खाली?"

हैबतीने खाली भरणगावाकडे पाहिलं. मग त्याने कमरेचं शिंग काढलं आणि डोंगराच्या धारेवरून धावत सुटला. तो निघाला तेव्हाच मागून आवाज आला. तो आवाज आधी वाऱ्यासारखा वाटला. पण झाडं हलत नव्हती.

हैबती शिंग फुंकत पळाला. ज्यांनी ऐकलं ते गुरं सोडून टेकडीवर चढले. भरणगावातली बहुतेक माणसं वाचली. कोंडिबा वाचला. पण त्याची बायको धान्याची कणगी झाकायला घरात परतली, ती बाहेर आली नाही. हैबतीची आई दारात उभी होती असं शेजारी म्हणाले. तिला चालवत नव्हतं.

बांध फुटताना पाण्याने वरचंही काही सोडलं नाही. घाटमाथ्याच्या पायऱ्यांची शेतं खरवडून निघाली आणि बांधावर राखणीला असलेली माणसं पुन्हा दिसली नाहीत.

पाणी ओसरल्यावर सपाटीचा राजा भरणगावात आला. चिखलातून चालत तो घराघरांत गेला. छावणीत परतल्यावर त्याने सेनापतीला बोलावलं आणि सैन्य हद्दीवर न्यायला सांगितलं.

घाटमाथ्याची राणीही सैन्य घेऊन उतरली. पण तिने आधी निरोप पाठवला, "लढण्याआधी एकदा समोर बसू. माझीही माणसं गेली आहेत."

नदीच्या पात्रात एक मोठा सपाट खडक होता. त्यावर दोघं बसली. मागे दोन्हीकडचे सरदार उभे.

"निम्मं पाणी आमचं," राजा म्हणाला. "बांध घालायचा नाही, अडवायचं नाही."

"पाऊस माझ्या डोंगरावर पडतो," राणी म्हणाली. "तरी निम्मं द्यायला मी तयार आहे. पण निम्मं मोजणार कोण? आणि कधी? श्रावणात की वैशाखात?"

सरदारांनी मोजण्याच्या तऱ्हा सांगितल्या. कुणी म्हणालं पात्रात खांब रोवा, कुणी म्हणालं एक दिवस तुमचा, एक दिवस आमचा. प्रत्येक तऱ्हेत कुणीतरी फसवू शकत होतं आणि तसं कुणीतरी बोलूनही दाखवत होतं. सूर्य माथ्यावर आला तरी पाणी मोजण्यावरच गाडी अडली होती.

राजाचा संयम संपला. "फार झालं. तुम्ही बांध फोडून माझी गावं बुडवलीत आणि साधी वर्दीही दिली नाहीत. याला शेजार म्हणतात?"

"वर्दी दिली होती, महाराज."

बोलणारा हैबती होता. तो सैन्याच्या रांगेतून पुढे आला. त्याने समोरच्या गर्दीकडे बोट दाखवलं. तिथे कातळवाडीच्या माणसांत येसाई उभी होती.

"ती बाई धावत आली होती. मी तिला चौकीवर अडवलं. वरून कुणाला येऊ द्यायचं नाही, असं सांगितलं होतं."

राजाने येसाईकडे पाहिलं, मग हैबतीकडे.

"तुझं कुणी गेलं?"

"आई."

राजाने डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. "हुकूम माझा होता," तो म्हणाला.

त्यावर राणी म्हणाली, "बांध माझा होता."

दोन्हीकडच्या सरदारांना हे बोलणं रुचलं नाही. पण आता त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

राणीने हैबतीला विचारलं, "तूच सांग. तुझ्या वाट्याला किती पाणी यायला हवं?"

हैबती म्हणाला, "राणीसाहेब, त्या दिवशी आलं ते सगळं आमच्याच वाट्याला आलं. मला पाणी मोजून नको. वैशाखात माझ्या परसात वाल जगावेत आणि श्रावणात घर जागेवर राहावं. एवढं झालं की पाणी कुणाचं का असेना."

राजाने येसाईला पुढे बोलावलं. "आणि तुम्हाला, बाई? तुम्हाला किती हवं?"

"आमच्याकडे पाणी थांबतंच कुठे, महाराज?" येसाई म्हणाली. "बांध घातला तो रागाने. त्यावर एक पेंढी पीक जास्त आलं नाही. आम्हाला मीठ हवं. पोरांना पोटभर भात हवा. उतारावरची माती जागेवर राहायला हवी. आणि..." ती थांबली.

"बोला."

"आणि मला माहेरी जाता यायला हवं. वहिनी गेली. मी तिच्या दिवसांनाही जाऊ शकले नाही."

येसाई रडली नाही. राणी मात्र तोंड फिरवून नदीकडे बघू लागली.

पुन्हा बोलणं सुरू झालं तेव्हा पाण्याच्या निम्म्याशिम्म्याचा विषय कुणी काढला नाही. राजा आणि राणी एकमेकांना विचारत होती, तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही. घाटमाथ्याकडे, कातळवाडीच्या खालच्या अंगाला, जवळ येणारे आणखी दोन कडे होते. त्यांच्यामध्ये भक्कम बांध घातला तर श्रावणातलं पाणी अडेल आणि वैशाखात सोडता येईल. पण त्यांच्याकडे चुना नव्हता, गवंडी नव्हते, भाताची खाचरं नव्हती. सपाटीकडे हे सगळं होतं, फक्त पाणी अडवायला जागा नव्हती. सपाटीवर बांध घालायचा म्हटला तर अर्धं राज्य पाण्याखाली गेलं असतं.

"बांध वर, पीक खाली," राजा म्हणाला, "आणि त्या पाण्यावर जे जास्तीचं पिकेल त्यात दोघांचा वाटा."

"दान म्हणून नाही," राणी म्हणाली.

"नाही. हक्क म्हणून."

सगळं जुळत आलं होतं. पण राणीचा चेहरा उजळला नाही. "भक्कम बांध म्हणजे मोठा तलाव," ती म्हणाली. "त्यात कातळवाडी बुडेल. दोघांचं भलं व्हावं म्हणून मी या लोकांना घराबाहेर कसं काढू?"

हे खरं होतं. मग राणीने जे केलं ते राजे-राण्या सहसा करत नाहीत. ती कातळवाडीच्या माणसांपुढे जाऊन बसली आणि तिने त्यांना विचारलं.

ती माणसं बराच वेळ आपसात बोलली. काही चिडली. एक म्हातारा म्हणाला, "खालच्यांच्या वालासाठी मी माझं खळं का बुडवू?" त्याला गप्प करायला येसाई पुढे झाली नाही. ती म्हणाली, "बाबा बरोबर बोलतात. आम्ही उठायला तयार होऊ, पण आमच्या अटी ऐका. दया म्हणून तुकडा नको. ज्याची जमीन जाईल त्याला आधी जमीन, मग बांधाचा पहिला दगड. आणि दर वर्षी जो वाटा वर येईल त्यातला पहिला आमचा. आम्ही गेलो तरी आमच्या पोरांचा."

राजाने मान डोलावली. राणीने मान डोलावली. म्हाताऱ्याने मात्र नाही. तो उठून गेला आणि त्याला कुणी अडवलं नाही.

बांधाचं काम सुरू झालं. सपाटीचे गवंडी बैलगाड्यांतून चुना घेऊन घाट चढले. घाटमाथ्याच्या माणसांनी दगड फोडले. कातळवाडीच्या काही घरांनी भरणगावाजवळ खाचरं घेतली. येसाईच्या घराने डोंगराच्या खांद्यावर नवी जमीन घेतली. सपाटीच्या लोकांनी तिथे दगडी बांधबंदिस्ती करून दिली आणि उतारांवर झाडं लावली, कारण वरची माती वाहून आली तर तलाव भरून जाणार हे त्यांनाही कळत होतं. तो म्हातारा शेवटपर्यंत आपल्या जुन्या घरात राहिला. पाणी अंगणात आलं तेव्हा येसाई स्वतः त्याला हात धरून वर घेऊन आली. त्याने वळून आपल्या खळ्याकडे पाहिलं. तीही त्याच्याबरोबर तिथेच थांबली.

बांधावर दोन्ही राज्यांचे राखणदार एकत्र राहू लागले. सपाटीच्या बाजूने हैबतीने हे काम मागून घेतलं. चौकीचं दार आता कधीच बंद करायचं नाही, असा नवा हुकूम निघाला.

श्रावणात भरणगावची घरं कोरडी राहिली. वैशाखात पाटाचं पाणी वालाच्या वेलींपर्यंत पोचलं. आणि पहिल्या सुगीनंतर तांदळाच्या आणि मिठाच्या गाड्या घाट चढून वर आल्या. त्यांतल्या एका गाडीवर कोंडिबा बसला होता. येसाईने त्याला नाचणीची भाकरी आणि बोकडाचं मटण वाढलं. जेवताना तो मध्येच थांबला, बायकोची आठवण येऊन. येसाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सगळं इथेच गोड झालं असतं, तर गोष्ट संपली असती. पण चांगल्या दिवसांत केलेले करार वाईट दिवसांतच कळतात.

पुढे एकदा पाऊस फार कमी झाला. तलाव अर्धाही भरला नाही. सपाटीवर भात उभा राहिला, पण दाणा भरला नाही. राजाचे कोठारकरी म्हणाले, "महाराज, यंदा वर गाड्या पाठवू नयेत. आपल्यालाच पुरणार नाही. पुढच्या वर्षी भरपाई देऊ." इकडे राणीचे सरदारही म्हणत होते, "यंदा पाणी सोडू नये. ते तांदूळ पाठवणार नाहीतच, मग आपण आपल्याकडचं का सोडायचं?"

राजा आता म्हातारा झाला होता. त्याने कोठारकऱ्यांना विचारलं, "माझ्या वाड्यात यंदा किती कमी शिजणार?"

"एक वेळचा भात बंद करावा लागेल, महाराज."

"मग वरच्यांचाही एकाच वेळचा बंद करा. दुसऱ्या वेळचा पाठवा. आणि लपवाछपवी नको, गाडी चढेल तिथे तिथे सांगा की यंदा कमी आहे आणि का कमी आहे."

गाड्या वर गेल्या. हैबती त्यांच्याबरोबर चालत होता. वाड्यांवाड्यांत थांबून तो सांगत होता, "यंदा पोती अर्धीच आहेत. आमच्याकडेही अर्धीच आहेत." काही जणांनी नाक मुरडलं. येसाईने पोत्याचं तोंड उघडून आत हात घातला. तांदूळ बारीक आणि तुटका होता, खालच्या घरांत शिजत होता तसाच.

"हा सगळ्यांचाच तांदूळ आहे," ती म्हणाली. "घ्या आत."

राणीपर्यंत बातमी पोचली. तिने सरदारांना काही विचारलं नाही. ती बांधावर गेली आणि दोन्ही राखणदारांना म्हणाली, "तलावात आहे त्यातलं आपल्या प्यायचं ठेवा. बाकीचं हळूहळू सोडत राहा, पाऊस येईपर्यंत पुरेल अशा बेताने."

तो उन्हाळा कडक गेला. पाटात पाण्याची बारीकशीच धार होती. पण ती तुटली नाही. सपाटीवर वालाचं पीक आलं, थोडं आलं, आणि त्या थोड्यातलं थोडं पुन्हा घाट चढून वर गेलं. त्या वर्षी दोन्ही राज्यांत कुणी पोटभर जेवलं नाही. पण भुकेने कुणी मेलं नाही, कुणी कुणाचं गाव लुटलं नाही आणि पाऊस आला तेव्हा दोन्हीकडे तो बघायला सगळी माणसं होती.

म्हणून सांगतो, नदीचं पाणी मोजून वाटू पाहणाऱ्या शेजाऱ्यांच्या हाती भांडणच लागतं, आणि त्या पाण्याचं सुख आणि त्याची झळ दोन्ही वाटून घेणाऱ्यांना थोडं पाणीही पुरतं.